रेषेखाली नेमके किती?

नाशिक शहरात शंभर वर्षांपूर्वी मुडदूस कोणाच्या घरात होता, याची नोंद वैद्यकाच्या इतिहासात आहे. हचिसन नावाचे एक डॉक्टर तेव्हा तिथे काम करत होते. पटेल आणि शहा या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी शहरातल्या मुलांची पाहणी केली. १९२१ मध्ये ‘ग्लासगो मेडिकल जर्नल’मध्ये आणि १९२२ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांचे निबंध छापून आले. मुडदूस म्हणजे दारिद्र्याचा, निकृष्ट अन्नाचा रोग, अशी तेव्हा बऱ्याच जणांची समजूत होती. नाशिकात चित्र उलटं निघालं. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांत, जिथे बाळ आणि आई महिनोन्‌महिने अंधाऱ्या खोलीबाहेर पडत नसत, तिथे पाय वाकलेली मुलं सापडत होती. जिच्या पोटात त्याहून हलकं अन्न जात होतं, पण जी दिवसभर उघड्यावर राबत होती आणि मूलही सोबत नेत होती, त्या मजूर बाईचं मूल यातून सुटलं होतं.

त्याच सुमारास युरोपात या रोगावरून मोठा वाद चालू होता. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ मध्ये कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं की मुडदूस आहारातल्या उणिवेने होतो आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने बरा होतो. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील दिव्यासमोर बसवलं आणि तीही बरी झाली. दोघांचंही खरं होतं. कातडीत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक पदार्थ असतो. उन्हातले विशिष्ट लांबीचे अतिनील किरण त्यावर पडले की त्याचं ड जीवनसत्त्व होतं, आणि तेच जीवनसत्त्व माशाच्या तेलातही असतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्यावर एकेक संस्कार करतात आणि मग ते आतड्याला अन्नातलं कॅल्शियम शोषायला लावतं. ते नसेल तर दूध पिऊनही हाडात चुना भरत नाही. वाढत्या वयात त्याला मुडदूस म्हणतात. मोठेपणी हाडं आतून मऊ पडतात. जिना चढताना मांड्या भरून येतात, उकिडवं बसलं तर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही, नडगीवर अंगठ्याने दाबलं तर माणूस कळवळतो.

ज्या देशातल्या एका शहराने या कोड्याच्या उत्तराला हातभार लावला, त्याच देशाबद्दल आज सर्रास सांगितलं जातं की इथल्या दर दहांतल्या सात, आठ किंवा नऊ जणांना ड जीवनसत्त्व कमी आहे. वर्तमानपत्राच्या आरोग्य-पुरवणीत हा आकडा असतो, सोसायटीत तपासणी शिबिर लावणाऱ्यांच्या फलकावर असतो, डॉक्टरांच्या तोंडीही असतो. सात की नऊ, याबद्दल कोणी फारसं विचारत नाही. मला मात्र हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. नऊ जण आजारी असतील तर उपाय वेगळा, दोन जण असतील तर वेगळा. आणि ते दोन कोण, हे ठाऊक नसेल तर नऊ जणांवर खर्च करूनही त्या दोघांपर्यंत काहीच पोचणार नाही.

एका मैत्रिणीचा रक्ताचा अहवाल समोर ठेवून हे लिहिते आहे. वय ३८, तब्येत उत्तम, रोज चालायला जाते, कुठे काही दुखत नाही. कचेरीतून सगळ्यांची आरोग्य तपासणी झाली, त्यात हीही. ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ या नावापुढे ठळक अक्षरांत २१.४ छापलंय, शेजारी खाली तोंड केलेला बाण. खाली बारीक अक्षरांत कोष्टक: २० पेक्षा कमी म्हणजे कमतरता, २० ते ३० अपुरं, ३० ते १०० पुरेसं. एकक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. त्या बाणाने तिची झोप उडवली. आठ आठवडे दर आठवड्याला एक, अशा साठ हजार युनिटांच्या पुड्या तिने घेतल्या.

त्या कोष्टकातल्या रेषा आल्या कुठून, हे पाहायला हवं. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने २०११ मध्ये उपलब्ध संशोधन चाळून सांगितलं की हाडांच्या आरोग्यासाठी सर्वसाधारण माणसाला रक्तात १६ च्या आसपास पातळी पुरते, आणि २० असेल तर जवळजवळ सगळ्यांची गरज भागते. म्हणजे २० हा आकडा सगळ्यात जास्त गरज असलेल्यालाही पुरेल असा, हात राखून ठरवलेला आहे. लग्नाच्या पंगतीत आचारी सगळ्यात मोठ्या खाणाऱ्याचा अंदाज धरून शिधा काढतो. म्हणून त्या मापापेक्षा कमी जेवलेला प्रत्येक पाहुणा उपाशी उठला असं कोणी म्हणत नाही. ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र नेमकं तेच म्हटलं गेलं. ज्यांनी ही शिफारस तयार केली त्यांच्यातल्याच काही शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लेख लिहून स्पष्ट केलं की २० खालच्या सगळ्यांना कमतरताग्रस्त धरणं चूक आहे आणि त्यातून नसलेली साथ उभी राहते आहे.

३० च्या रेषेची गोष्ट आणखी वेगळी. अमेरिकेतल्याच एंडोक्राइन सोसायटीने २०११ मध्ये ३० च्या वर पातळी हवी असं सांगितलं. प्रयोगशाळांनी तेच कोष्टक उचललं आणि ते जगभर पसरलं. त्याच संस्थेने २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली तेव्हा ३० चा आग्रह मागे घेतला आणि निरोगी प्रौढांची सरसकट रक्ततपासणी करू नये असंही सांगितलं. कितीतरी अहवालांवर मात्र जुना बाण आजही तसाच छापला जातोय.

तिसरी रेषा १२ ची. लहान मुलांच्या मुडदुसाबद्दल जगभरच्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये एकमताने जी भूमिका मांडली, तीत कमतरता म्हणजे १२ पेक्षा कमी, असं म्हटलंय. याच्या खाली हाडांना खरोखरच धोका सुरू होतो. माझ्या मते देशाचा हिशोब मांडायचा तर तो या रेषेने मांडावा. आजार जिथे सुरू होतो तिथे रेघ मारण्यालाच अर्थ आहे.

आता आपल्याकडचे अभ्यास या नजरेने वाचा. दिल्लीतल्या शाळकरी मुलामुलींवर डॉ. रमण मारवाह आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच हजारांहून अधिक मुलं तपासली. त्यांनी रेषा धरली ९ ची, तीही ओलांडू न शकलेली मुलं निघाली सुमारे ३६ टक्के. त्याच वर्षी लखनौच्या गरोदर स्त्रियांवरचा अभ्यास आला. तिथे रेषा होती २२.५ आणि आकडा ८४ टक्के. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २५ ते ३५ वयाच्या अकराशेहून अधिक निरोगी तरुण-तरुणींची पातळी मोजली, २०११ मध्ये छापली. रेषा २०, आकडा ७० टक्के. हे तिन्ही अभ्यास मेहनतीने केलेले, प्रामाणिक आहेत. पण तीन शहरं, तीन वयोगट आणि तीन वेगवेगळ्या रेषा एका वाक्यात कोंबून ‘भारतात ७० ते ९० टक्के’ असं म्हणायला लागलो की त्या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

मुलांपुरता का होईना, देशाचा आकडा आपल्याकडे आहे. २०१६ ते २०१८ या काळात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने युनिसेफ आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांच्या साथीने सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण केलं. ३० राज्यांतली १९ वर्षांपर्यंतची एक लाख बारा हजार मुलं, त्यांतल्या ५१ हजारांहून अधिक मुलांचे रक्ता-लघवीचे नमुने. नमुना दवाखान्यात आलेल्यांचा नव्हता, घराघरांतून निवडलेला होता. रेषा १२ ची. निष्कर्ष असा: १ ते ४ वर्षांच्या मुलांत १४ टक्के, ५ ते ९ वयात १८ टक्के आणि १० ते १९ वयात २४ टक्के.

सत्तर-नव्वदच्या गजरानंतर २४ ऐकून कोणाला सुटल्यासारखं वाटेल. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे त्या वयाची मुलंमुली पंचवीस कोटींच्या घरात आहेत. म्हणजे हे कडक माप लावूनही सहा कोटी मुलं अशी आहेत की ज्यांची हाडं भरण्याचं वय चालू आहे आणि हाडं भरायला लागणारं द्रव्य अंगात नाही. हाडांचा साठा तारुण्यात प्रवेश करेपर्यंतच बहुतांश तयार होतो. त्या वयात जे जमलं त्यावर पुढची पन्नास-साठ वर्षं काढायची असतात. मुलींमध्ये ही उणीव मुलांपेक्षा बरीच जास्त आढळली. त्यातल्या कित्येकींना पुढे बाळंतपणं आहेत. आईच्या रक्तात जे नाही ते बाळाच्या रक्तातही उतरत नाही आणि अंगावरच्या दुधात तर ते मुळातच फार थोडं असतं.

राज्याराज्यांतला फरकही विचार करायला लावणारा आहे. पंजाब, हरियाणा, उत्तराखंड इकडे प्रमाण खूप चढं, दक्षिणेत पुष्कळ कमी. याचं एक कारण आकाशात आहे आणि ते तुम्ही स्वतः तपासू शकता. सूर्य जितका डोक्यावर तितके हे किरण जास्त. तो कलला की त्यांना वातावरणाचा जाड थर तिरका कापत यावं लागतं आणि ते वाटेतच गळतात. साधी खूण म्हणजे आपली सावली. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर कातडीत ड जीवनसत्त्व चांगलं तयार होतं, लांब असेल तर फार थोडं. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला, वर्षातल्या सगळ्यात छोट्या दिवशी, पुण्यात भर दुपारी उभे राहा. सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो आणि सावली उंचीपेक्षा थोडी आखूडच पडते. त्याच दिवशी दिल्लीत ती उंचीच्या सव्वा पटीहून मोठी होते. ग्लासगोत पाच पट. पुण्या-मुंबईच्या, नागपूर-कोल्हापूरच्या माणसाला वर्षातले बाराही महिने हे ऊन मिळू शकतं. दिल्लीकराला हिवाळ्यात ते तुटपुंजं मिळतं, त्यात धुरकट. दिल्लीतल्याच एका अभ्यासात, २००२ साली, मोरी गेटच्या धुरकट वस्तीतल्या बाळांची सरासरी पातळी १२ च्या आसपास आणि तुलनेने स्वच्छ हवेच्या गुरगावातल्या बाळांची २७ निघाली होती. आज गुरगावच्या हवेला कोणी स्वच्छ म्हणणार नाही.

सावलीचा हा हिशोब आपल्याकडच्या एका प्रेमळ समजुतीला मात्र धक्का देतो. बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात ठेवायचं, आजोबांनी सकाळी सातला गच्चीवर शर्ट काढून बसायचं, म्हणजे डी मिळतं, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. मार्चमध्ये पुण्यात सकाळी आठला सावली उंचीच्या अडीच-तीन पट असते. त्या उन्हात ऊब आहे, उजेड आहे. ड जीवनसत्त्व घडवणारे किरण नगण्य आहेत. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात तर ते जवळजवळ नसतातच, काच ते अडवते. आंध्रातल्या तिरुपतीला डॉ. सी. व्ही. हरिनारायण यांनी केलेल्या मोजमापांतही सकाळी अकरा ते दुपारी दोन हीच वेळ सरस ठरली. चेहरा, हात आणि पाय उघडे ठेवून थोडा वेळ, आठवड्यातून काही दिवस, एवढं बहुतेकांना पुरतं. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण कातडीतलं रंगद्रव्य हे किरण अडवतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या दुपारी मात्र कोणी हा प्रयोग करू नये, तिथे उष्माघात आधी गाठतो. वर्षातले उरलेले महिने भरपूर आहेत.

मग ऊन असूनही मुलं रिकामी का राहतात? याचं उत्तर नाशिकच्या त्या जुन्या निबंधात आहे, फक्त घरं बदलली आहेत. १९२१ मध्ये अंधाऱ्या खोलीत श्रीमंताचं मूल होतं. दिल्लीच्या २००५ च्या अभ्यासात कमतरता गरीब शाळांतल्या मुलांत ४२ टक्के आणि सधन शाळांतल्या मुलांत २७ टक्के निघाली. शंभर वर्षांत अंधार गरिबाच्या वाट्याला आला. दहा बाय दहाची खोली, भिंतीला भिंत लागलेली, दार बोळात उघडणारं आणि बोळावर पत्रे. आई घरकामाला दुसऱ्यांच्या घरी. पुण्यातल्या झोपडपट्टीतल्या लहान मुलांवर इथल्याच संशोधकांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की बाहेर उघड्यावर खेळणाऱ्या मुलांची पातळी चांगली होती आणि दिवसभर पाळणाघरात बंद राहणाऱ्यांची घसरलेली. वस्ती तीच, अन्न तेच. दिवसातले उन्हाचे तास तेवढे वेगळे.

दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. रविंदर गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये छापलेला अभ्यास मला यासाठी फार बोलका वाटतो. त्यांनी सैनिक तपासले आणि रुग्णालयातले डॉक्टर-परिचारिकाही तपासल्या. उघड्यावर कवायत करणाऱ्या सैनिकांची पातळी कितीतरी सरस निघाली. दिवसभर दिव्याखाली काम करून रुग्णांना सल्ले देणाऱ्यांची पातळी तळाला होती. शहर एक, आकाशातला सूर्य एक.

मुलींचं काय होतं हे सांगायला अभ्यासाची गरज नाही, कोणत्याही शाळेच्या मैदानावर दुपारी उभं राहावं. पाचवीपर्यंत मुली मैदानात असतात. सातवी-आठवीनंतर त्या कडेला बसतात, नववीनंतर वर्गात. ‘काळी पडशील’ हे वाक्य त्यांच्या कानावर रोज पडतं. दुचाकीवरून जाताना ओढणीने चेहरा, लांब हातमोज्यांनी हात, असं सगळं झाकून त्या उन्हातून जातात आणि उन्हाचा थेंबही अंगाला लागत नाही. धूळ, धूर, छेडछाड, सगळी कारणं खरी आहेत. त्यांना दोष देऊन काहीही साधणार नाही. दहावीच्या शिकवण्या नेमक्या सकाळ-संध्याकाळ असतात आणि मधला वेळ शाळेच्या छपराखाली जातो. खेळाचा तास गणिताला देऊन टाकणारी शाळा मुलींच्या हाडांतून तो तास काढून घेते, हे मी पूर्ण गांभीर्याने म्हणते.

दुसरा धागा ताटातला. कॅल्शियम सतत कमी पडलं तर शरीर ड जीवनसत्त्वही भराभर संपवतं. तिरुपतीच्या अभ्यासांत शेतात राबणाऱ्या माणसांच्या अंगात ऊन होतं, पण ताटात कॅल्शियम फार थोडं होतं. धान्य-कडधान्यांत फायटेट नावाचं जे द्रव्य असतं तेही कॅल्शियम बांधून ठेवतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, ६०० युनिट ड जीवनसत्त्व हवं. दूध परवडत नाही त्या घरात नाचणी आहे, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असलेली. तीळ आहेत. ड जीवनसत्त्वाचं मात्र शाकाहारी ताटाला फार थोडं साह्य मिळतं. अंड्यातलं पिवळं आणि तेलकट मासे हाच त्याचा खरा ठेवा. कोकणात तारली आणि बांगडा स्वस्त मासे म्हणून गरिबाच्या ताटात येतात, त्या ताटाला या बाबतीत पापलेटाहून अधिक किंमत आहे.

मग गोळ्यांचं काय? आधी खऱ्या आजाराबद्दल सांगते, कारण बाणांच्या गोंधळात तोच झाकला जातो. मुडदूस झालेल्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे एकदा पाहिला की विसरता येत नाही. वाढत्या हाडाचं टोक एरवी सरळ, रेखीव दिसतं. इथे ते बशीसारखं खोलगट होऊन पसरलेलं आणि कडा उसवलेल्या असतात. बाहेरून मनगट सुजल्यासारखं जाड. छातीच्या फासळ्यांचं हाड जिथे कूर्चेला मिळतं तिथे दोन्हीकडे गाठींची ओळ हाताला लागते. मूल उशिरा चालायला लागतं आणि चालायला लागलं की त्याच्याच वजनाने पाय वाकतात. काही बाळांना त्याही आधी, अंगावर पीत असतानाच, रक्तातलं कॅल्शियम कोसळून झटके येतात. आईबापांना वाटतं मेंदूचा आजार. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दिलं की काही महिन्यांत एक्स-रेवरच्या उसवलेल्या कडा पुन्हा सरळ होतात, हे औषधशास्त्रातलं फार समाधान देणारं दृश्य आहे. अशा मुलाला, हाडं मऊ पडलेल्या बाईला, डुलत चालणाऱ्या म्हाताऱ्याला औषध हवंच, भरपूर हवं आणि लगेच हवं.

निरोगी माणसाची गोष्ट वेगळी. अमेरिकेत ‘व्हायटल’ नावाची चाचणी झाली. जवळजवळ २६ हजार प्रौढांपैकी निम्म्यांना रोज २००० युनिट, निम्म्यांना नकली गोळी, पाच वर्षं. कर्करोग कमी झाला नाही, हृदयविकार कमी झाला नाही (२०१९), हाडं मोडणंही कमी झालं नाही (२०२२). त्यातल्या बहुतेकांची पातळी मुळात ठीकच होती. ज्याच्याकडे पुरेसं आहे त्याला आणखी दिल्याने काही होत नाही, एवढं त्यातून कळतं. ज्याच्याकडे नाही त्याच्याबद्दल ही चाचणी काही सांगत नाही, आणि म्हणूनच ‘डी निरुपयोगी ठरलं’ अशा बातम्या आपल्या सहा कोटी मुलांच्या डोक्यावरून फिरवणं अन्यायाचं होईल.

जास्तीचा धोका मात्र खरा आहे. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. साठ हजार युनिट म्हणजे वजनाने दीड मिलिग्रॅम, पण ६०० च्या रोजच्या गरजेने हिशोब केला तर शंभर दिवसांची बेगमी. आठवड्याची पुडी समजुतीच्या घोटाळ्याने रोज घेतली गेली, किंवा सांधेदुखीवर सहा लाख युनिटांची सुई पुन्हापुन्हा टोचली गेली, तर रक्तात कॅल्शियम चढतं. भूक मरते, उलट्या होतात, पोट साफ होत नाही, तहान भागत नाही आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आपल्याकडच्या रुग्णालयांतून असे रुग्ण नोंदले गेले आहेत. दुकानातून मनाने पुड्या आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पाठ दुखते, थकवा वाटतो, केस गळतात, प्रत्येकाला डी हे उत्तर नसतं.

एका देशाने या प्रश्नाचं उत्तर कसं काढलं ते पाहण्यासारखं आहे. फिनलंडमध्ये हिवाळ्यात सूर्य फार थोडा वेळ दिसतो. त्यांनी आधी लोकांची पातळी मोजली. २००३ पासून दुधात आणि लोण्यासारख्या स्निग्ध पदार्थांत ड जीवनसत्त्व मिसळायला सुरुवात केली. पुन्हा मोजली, पुरेसं वाटलं नाही, २०१० मध्ये प्रमाण दुप्पट केलं. २००० ते २०११ या काळात तिथल्या प्रौढांची सरासरी आपल्या मापाने १९ वरून २६ वर गेली. घरोघरी कोणाला रक्त तपासून घ्यावं लागलं नाही.

आपल्याकडेही अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने दूध आणि तेल समृद्ध करण्याचे नियम केले आहेत, पिशवीवर ‘+एफ’ ही निळी खूण त्याचीच. दुधात लिटरमागे पाच ते साडेसात मायक्रोग्रॅम, म्हणजे २०० ते ३०० युनिट. एक पेला दूध प्यायलं तर ४० ते ६० युनिट मिळतात, दिवसाच्या गरजेचा फार तर दहावा हिस्सा. दूध असं समृद्ध करण्याची सक्ती नाही, आणि ज्या घरात दूध फक्त चहापुरतं येतं तिथे त्या पेल्याचा हिशोबच लागू होत नाही. तेलाचा मार्ग मला अधिक आशेचा वाटतो, कारण तेल गरिबाच्याही घरात जातं. गरोदर स्त्रियांसाठी सरकारी कार्यक्रमात २०१४ पासून कॅल्शियमबरोबर ड जीवनसत्त्व आहे: चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज दोन गोळ्या, प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट डी. ही चांगली योजना आहे. आशाताई त्या गोळ्या हातात देतात. पोटात कितपत जातात, हे घरातल्यांनी पाहायचं असतं.

बाळांसाठी मात्र असं काही नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात बाळाला अ जीवनसत्त्वाचा डोस आहे, लोहाचं औषध आहे. सगळ्या बाळांसाठी डीचे थेंब नाहीत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची शिफारस स्पष्ट आहे: जन्मल्यापासून पहिलं वर्षभर, बाळ अंगावर पीत असलं तरी, रोज ४०० युनिट. म्हणजे दहा मायक्रोग्रॅम. खासगी दवाखान्यात जाणाऱ्या बाळाला ते लिहून मिळतं. जिथे मुडदुसाची शक्यता सगळ्यात जास्त त्या बोळातल्या खोलीत ते पोचत नाही. ज्या पैशांत निरोगी माणसांचं रक्त तपासून बाण छापले जातात, त्यातला थोडा भाग तरी या थेंबांकडे वळायला हवा, आणि हे काम बाजार करणार नाही, सरकारलाच करावं लागेल. मुलांचं जसं देशव्यापी मोजमाप झालं तसं ते ठराविक वर्षांनी पुन्हा व्हावं आणि प्रौढांचंही त्याच एका रेषेने प्रसिद्ध व्हावं, म्हणजे प्रौढांबद्दल तुकड्या-तुकड्यांच्या अभ्यासांवरून बोलणं थांबेल.

तोवर वाचकांना माझी विनंती एवढीच. तुम्ही धडधाकट असाल आणि काही त्रास नसेल तर तपासणीच्या अहवालातल्या त्या एका ओळीने घाबरू नका. घरात वयात येणारी मुलगी असेल तर तिचा मैदानावरचा तास कोणाला काढून घेऊ देऊ नका. घरात नवं बाळ आलं असेल, किंवा तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंच्या घरी आलं असेल, तर त्याला डीचे थेंब सुरू झाले आहेत का, हे याच आठवड्यात विचारा. झाले नसतील तर बाळाला घेऊन डॉक्टरांकडे किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जा.